दिवसभर मेसेज टाइप करणाऱ्यासाठी साधा फोन घेताय? आधी बटणं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की काकांना ऐकू येत नाही, त्यामुळे कॉलचा उपयोग नाही, घरच्यांशी आणि बाहेरच्यांशी सगळं बोलणं मेसेजवरच चालतं, टच फोन त्यांच्या हाताला बसत नाही, आणि साधा फोन घेतला की वर्ष-दीड वर्षात एकतर बटणं जातात नाहीतर चार्जिंग जातं, मग परत नवा. तर स्वस्तातला पण टिकणारा कुठला घ्यावा.

मी गेली १८ वर्षं मोबाईल रिपेअरिंग करतोय आणि सुरुवातीची बरीच वर्षं टेबलावर फक्त बटणांचेच फोन असायचे. ऐकू न येणारी बरीच मंडळी माझ्याकडे येतात आणि त्यांचा फोन बंद पडला की ती अगदी तुटल्यासारखी होतात हे मी बघितलंय, म्हणून तुमच्या प्रश्नाला जरा लांबलचक लिहितोय, कंटाळू नका.

कंपनी आणि मॉडेल नंतर. आधी कीपॅड. ज्याला फक्त कॉल करायचेत तो दिवसाला पन्नास-शंभर वेळा बटणं दाबत असेल, तुमचे काका काही हजार वेळा दाबतात, आणि दुकानात हे दोघं एकच फोन घेऊन जातात, मग एकाचा पाच वर्षं चालतो आणि दुसऱ्याचा वर्षात जातो. साधा हिशोब बघा, एका बटणावर तीन-चार अक्षरं असतात आणि हवं ते अक्षर येईपर्यंत तेच बटण परत परत दाबावं लागतं. "मी येतोय" हे इंग्रजी अक्षरांत लिहायचं तर एम एकदा, आय तीनदा, मग स्पेस, वाय तीनदा, इ दोनदा, टी एकदा, ओ तीनदा, परत वाय तीनदा. सात अक्षरं आणि एक स्पेस, बटणं दाबली १७ वेळा. आता दिवसाला साधारण ६० अक्षरांचे ५० मेसेज धरले आणि एका अक्षराला सरासरी दोनदाच दाबावं लागतं असं धरलं तरी दिवसाचे ६,००० होतात, वर्षाचे जवळजवळ २२ लाख. नऊ-दहा बटणांत वाटून टाका, एकेकाच्या वाट्याला दोन सव्वादोन लाख येतात, आणि ती काही सारखी वाटली जात नाहीत.

बटणाच्या खाली काय असतं ते सांगतो म्हणजे पुढचं लक्षात येईल. वरचं रबर किंवा प्लॅस्टिकचं बटण नुसतं टोपण आहे. त्याच्याखाली एक पातळ चिकट शीट असते आणि त्यात प्रत्येक बटणासाठी धातूची छोटी गोल फुगीर पत्ती बसवलेली असते, तिला आम्ही डोम म्हणतो. दाबलं की डोम टक्कन आत बसतो, खालच्या बोर्डावरचे दोन संपर्क जोडतो, सोडलं की परत वर येतो. बोटाला जो टक लागतो तो या डोमचाच. चांगल्या डोमचं आयुष्य लाखो दाबांचं असतं, हलका डोम त्याच्या कितीतरी आधी मरतो.

एकदा एक गृहस्थ फोन घेऊन आले, वहीत लिहून दाखवलं की फक्त २ नंबरचं बटण चालत नाही, बाकी सगळं ठीक. स्क्रू काढले, पॅनल उघडलं, शीट सोलून काढली तर २ च्या डोमला मधोमध केसासारखी बारीक चीर आणि खाली बोर्डावर काळी भुकटी, डोम घासून घासून झालेली. शेजारचा ३ चा डोम दबलेला पण शाबूत. १ चा डोम कोरा, जणू कालच कंपनीतून आलाय. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिताना २ वरचं ए हे अक्षर किती येतं बघा, जवळजवळ प्रत्येक शब्दात एकदोनदा, म्हणून असं लिहिणाऱ्यांचं २ चं बटण सगळ्यात आधी जातं. मी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला, नवी डोम शीट टाकली, फोन पहिल्यासारखा. त्यांनी तिथेच उभं राहून मुलीला मेसेज केला. हे सांगायचं कारण, काकांचे आधीचे फोन घरात पडलेले असतील तर टाकू नका, बटणं गेलेला फोन बहुतेक वेळा मेलेला नसतो.

तर हातात घेऊन काय बघायचं. बटण मधोमध दाबा आणि मग कोपऱ्यावर दाबा, दोन्हीकडे सारखाच टक आला पाहिजे. कोपऱ्यावर दाबल्यावर नुसतं मऊ लागत असेल तर टोपण डोमवर नीट बसलेलं नाही आणि काका अंगठ्याने तिरकंच दाबणार, त्यामुळे तो फोन सोडा. बटणं एकमेकांपासून वेगळी, जरा उंचवटा असलेली हवीत, ५ वर एक टिंब असतंच ते बोटाला लागलं पाहिजे. सपाट, काचेसारखी चकचकीत एकसंध पट्टी दिसायला छान असते पण बोट घसरतं, न बघता टाइप करता येत नाही आणि काही महिन्यांनी पट्टीची कड उचकटायला लागते. त्याहून चांगलं म्हणजे रबराचा एकसंध कीपॅड, बटणं उठावदार पण मधे फट नाही. २००३ साली आलेला नोकिया ११०० आठवतो का, त्याचा कीपॅड असाच होता, धूळ आणि घाम आत जायला जागाच नाही, २५ कोटींच्या वर विकला गेला तो फोन आणि त्या टिकाऊपणात कीपॅडचा वाटा मोठा होता. घाम हा डोमचा दुसरा शत्रू, घामातल्या मिठाने बोर्डावरचे संपर्क हिरवे पडतात आणि मग बटण कधी लागतं कधी नाही.

बटणांवरची अक्षरं पण बघा. वरून छापलेली असतील तर रोज टाइप करणाऱ्याच्या हातात वर्षाच्या आत पुसली जातात, अक्षर पारदर्शक टोपणाच्या आतून असेल किंवा कोरलेलं असेल तर राहतं. नखाने हळूच खरवडून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. आणि रात्री बटणांच्या खालून लाइट लागतो का तेही बघा, काही स्वस्त फोनमध्ये फक्त स्क्रीन उजळते.

यानंतर एक टेस्ट कराच. मेसेज उघडा आणि ८ चं बटण जितक्या पटकन दाबता येईल तितक्या पटकन तीनदा दाबा, व्ही आला पाहिजे. टी किंवा यू वरच थांबला तर सॉफ्टवेअर दाब खातंय. ही तक्रार मी खूप ऐकली आहे, बटणं एकदम उत्तम पण फोन मागे पडतो, माणूस पुढे आणि अक्षरं मागून येतात, आणि याला रिपेअरवाला काही करू शकत नाही. एक अख्खं वाक्य काकांनाच टाइप करू द्या, तुम्ही नका करू, त्यांच्या वेगाला फोन पुरतो का हे त्यांच्याच बोटांना कळेल.

डिक्शनरीबद्दल, म्हणजे दाबलेल्या बटणांवरून फोनने आपणच शब्द ओळखण्याबद्दल, लोक खूप विचारतात, टी-नाइन आहे का वगैरे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ती वरदान आहे, एका अक्षराला एकदाच दाबायचं, वर काढलेला हिशोब सरळ अर्ध्यावर येतो. पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्याला ती छळते. "आहे" साठी २-४-३ दाबा, ती तुम्हाला एज देईल नाहीतर बिड. आपले शब्द तिच्यात भरता येतात का ते सेटिंगमध्ये बघा, आहे, नाही, कधी, येतो, जेवण असे पन्नासेक शब्द एकदा बसून भरले तर फार फरक पडतो. भरायची सोय नसेल तर सरळ बंद करून टाका.

काका देवनागरीत लिहित असतील तर तो विषय जरा वेगळा आहे. फोनमध्ये मराठी मेनू आहे म्हणजे मराठी टाइप करता येतंच असं नाही, आणि टाइप करता आलं तरी जोडाक्षरं नीट दिसतीलच असं नाही. "दुसऱ्याच्या", "ज्ञानेश्वर", "बाळ", "स्त्री" हे चार शब्द लिहून बघा. दुसऱ्याच्या मधला अर्धा र नीट आला, कुठे चौकोन दिसला नाही, पाय मोडलेलं अक्षर वेगळं लटकलं नाही तर फोन पास. मी तर येणारा मेसेज पण बघतो, दुसऱ्या फोनवरून हेच चार शब्द पाठवायचे आणि यात कसे दिसतात ते बघायचं. त्यांना दिवसभर वाचायचंय ना.

अजून एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते. एका मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, पण देवनागरी आलं की फक्त ७०. त्याच्यापुढे गेलात की फोन तुकडे करून पाठवतो, आणि तुकडे जोडायची खूण ठेवायला जागा लागते म्हणून मग एका तुकड्यात इंग्रजीची १५३ आणि देवनागरीची ६७ च उरतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, "की" म्हणजे दोन, "क्ष" म्हणजे तीन, "स्त्री" चे सहा होतात. सगळा मेसेज इंग्रजी अक्षरांत आणि शेवटी एकच स्मायलीचं चित्र टाकलं तरी तो अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. प्रत्येक तुकडा वेगळा मेसेज म्हणून मोजला जातो, तेव्हा काकांच्या प्लॅनमध्ये रोजची मेसेजची मर्यादा असेल तर हे लक्षात ठेवा, संध्याकाळी अचानक मेसेज जायचे बंद होतात आणि दोष फोनला देतात. म्हणून टाइप करताना वर कोपऱ्यात उरलेली अक्षरं दाखवणारा फोन घ्या. आणि काही फोन ठरावीक तुकड्यांच्या पुढे मेसेजचा गुपचूप एमएमएस, म्हणजे फोटो वगैरे पाठवायचा मेसेज, करून टाकतात, तो जातही नाही आणि पैसे वेगळे लागू शकतात, ते सेटिंगमध्ये बंद करता येतं का बघा.

मेसेज किती साठतात हे बॉक्सवर कधी ठळक लिहिलेलं नसतं पण तुमच्यासाठी हेच महत्त्वाचं आहे. साध्या फोनमध्ये ही जागा मर्यादित असते, आणि मेसेज सिमवर सेव्ह होत असतील तर तिथे अगदीच थोडे मावतात. जागा भरली की नवा मेसेज आतच येत नाही, नेटवर्ककडे अडकून राहतो आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला वाटतं कुणी आठवणच काढली नाही. दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन सेव्ह फोनमध्ये करा, आणि जाहिरातींचे मेसेज आठवड्याला उडवायची सवय लावा. एकाच माणसाशी झालेलं सगळं बोलणं एकाखाली एक दिसतं असा फोन मिळाला तर उत्तम, जुन्या पद्धतीत आलेले वेगळ्या कप्प्यात, पाठवलेले वेगळ्या, मग आपण काय विचारलं होतं तेच आठवत नाही.

व्हायब्रेशन. हे माझ्या मते तुमच्या बाबतीत कीपॅडच्या खालोखाल आहे आणि कुणीच तपासत नाही. स्वस्त फोनमधली मोटर कधी कधी इतकी मिळमिळीत असते की पँटच्या खिशात कळत सुद्धा नाही. फोन व्हायब्रेटवर टाका, काकांच्या खिशात ठेवा, त्यांना चालायला लावा आणि मेसेज करा. कॉल करून तपासू नका, कॉलला मोटर सारखी फिरत राहते, मेसेजला बऱ्याच फोनमध्ये एकदाच छोटासा झटका येतो आणि संपलं. मेसेज वाचला नाही तर काही वेळाने परत आठवण करून देणारा, किंवा वाचेपर्यंत बाहेर लाइट लुकलुकवणारा फोन मिळाला तर तोच घ्या, बाकी दोन गोष्टी कमी असल्या तरी चालतील.

आता नेटवर्क. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. बाजारात अजून फक्त टूजीवर चालणारे फोन मिळतात, ते सगळ्यात स्वस्त असतात आणि बांधायला दणकटही असतात, पण जगभर जुनी नेटवर्कं एकेक करून बंद होतायत. ऑस्ट्रेलियात टूजी २०१८ पर्यंत गेलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये थ्रीजी पण बंद झालं, अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी गुंडाळलं. नेटवर्क गेलं की कितीही मजबूत फोन असू दे, त्याचा टॉर्च तेवढा उरतो. म्हणून फोरजीचा घ्या, त्यात वोल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, हवी, आणि तुमच्या सिमवर त्या मॉडेलमधून मेसेज जातो आणि येतो का हे काकांचं सिम घालून प्रत्यक्ष बघा. नुसतं बॉक्सवर फोरजी लिहिलंय म्हणून समाधान मानू नका, तुमच्या सिमकंपनीची फ्रिक्वेन्सी त्या फोनमध्ये नसेल तर उपयोग शून्य.

याच कारणासाठी जुने क्वर्टी फोन, ते पूर्ण टाइपरायटरसारखी बटणं असलेले, मी आता सुचवत नाही, मनापासून वाईट वाटतं कारण टाइप करायला त्यांच्यासारखं सुख नव्हतं, एका अक्षराला एकच दाब. पण त्यातले बहुतेक टूजी-थ्रीजीचे, बॅटऱ्या दहा-दहा वर्षं पडून मेलेल्या, आणि जुन्या ब्लॅकबेरींच्या तर कंपनीने सर्व्हिसेसच ४ जानेवारी २०२२ ला बंद केल्या. नवा कोरा फोरजी क्वर्टी फोन मिळालाच आणि वरच्या टेस्ट पास झाला तर जरूर घ्या, पण जुन्याच्या मागे लागू नका.

चार्जिंग का जातं तेही सांगतो, कारण तुमच्या काकांचं का जात असेल याचा मला अंदाज आहे. चार्जर लावून ठेवून टाइप करतात ना? मायक्रो यूएसबीचा जॅक दहा हजार वेळा पिन घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो, म्हणजे रोज दोनदा धरलं तरी १३ वर्षं. सरळ घालून सरळ काढली तर तो बहुधा जात नाही. पण वायर लावून फोन हातात धरला, बोटं चालू आहेत, वायर खालून ओढली जातेय, तर पिन जॅकला वरखाली पहार घातल्यासारखी उचकटते आणि जॅक बोर्डावरच्या सोल्डरसकट उखडतो. माझ्याकडे येणाऱ्या मेसेजवाल्यांच्या फोनमध्ये हे फार बघतो. उपाय सोपा आहे, टाइप-सी मिळाला तर तो घ्या, उलटसुलट कशीही पिन जाते त्यामुळे निदान जबरदस्ती होत नाही, पण त्याहून चांगलं म्हणजे बॅटरी काढता येणारा फोन आणि सोबत एक जादा बॅटरी. एक संपली की दुसरी घालायची, वायर लावून टाइप करायची वेळच येत नाही. काही फोनला नुसतं ठेवायचं चार्जिंग स्टँड मिळतं, नोकिया २६६० फ्लिपला आहे, रात्री त्यात ठेवला की जॅकला हातच लागत नाही.

बॅटरीचा साचा कुठला आहे हे घेण्याआधी मागचं झाकण काढून बघा. बीएल-५सी नावाची बॅटरी नोकियाने आणली, पण ती इतकी पसरली की दुसऱ्या कंपन्यांच्या साध्या फोनमध्येही तीच बसते, त्यामुळे चार वर्षांनी पण मिळेल. एखाद्या कंपनीने स्वतःच्याच विचित्र मापाची बॅटरी दिली असेल तर दोन वर्षांनी ती शोधत फिरावं लागतं आणि चालता फोन बॅटरीपायी टाकावा लागतो. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद चांगलीच उतरते, ते साहजिक आहे, तो फोनचा दोष नाही. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून गरकन फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलंय, ती वापरू नका आणि दाबून तर अजिबात बसवू नका.

पडझड आणि पाणी यावर जास्त लिहीत नाही. आयपी-६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, तेही रबर नवं असेपर्यंत आणि झाकणं नीट लावलेली असतील तर. मिलिटरी स्टँडर्ड असं लिहिलेलं दिसलं तर एवढं माहीत असू द्या की त्यातली पडण्याची टेस्ट सुमारे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायची असते, ती सुद्धा काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर, आणि ते २६ दणके पाच नगांत वाटून द्यायची मुभा आहे. वाईट नाही, पण काकांना त्याची गरज नसेल तर त्या शिक्क्यासाठी जास्त पैसे घालू नका, तेच पैसे जादा बॅटरीत घाला. साधा हलका प्लॅस्टिकचा फोन तसाही पडून फारसा मरत नाही, पडल्यावर झाकण आणि बॅटरी सुटून बाजूला जाते आणि दणका तिथेच विरतो.

फ्लिपचं विचाराल तर मला ते मेसेजवाल्यांसाठी आवडतात. मिटल्यावर बटणांवर धूळ नाही, घाम नाही, खिशात चुकून दाबली जात नाहीत, आणि बटणांना जागा मोठी मिळते. कमजोर जागा एकच, बिजागरी आणि तिच्यातून स्क्रीनकडे जाणारी पातळ पट्टी. ती पट्टी तुटली की स्क्रीन पांढरी पडते किंवा रेघा येतात. दुकानात वीसेक वेळा उघडझाप करा, करकर वाजली किंवा वरचा भाग बाजूला हलला तर नको. काकांना एका हाताने झटक्यात उघडायची सवय असेल तरी नको.

व्हॉट्सअॅप हवं म्हणून कायओएसवाले फोन, म्हणजे अॅप चालणारे बटणांचे फोन, लोक घ्यायचे, पण त्यावर व्हॉट्सअॅप नव्याने टाकणं २०२४ च्या मध्यात बंद झालं. दुकानदार चालतं म्हणाला तर समोर उघडून दाखवायला सांगा.

वापरलेला घेत असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, बॅटरीखालच्या स्टिकरशी जुळवा, जुळला नाही तर बोर्ड एकाचा आणि बॉडी दुसऱ्याची आहे. आणि नव्या कोऱ्या पॅनलला, म्हणजे बाहेरच्या बॉडीला, भुलू नका, पॅनल पाच मिनिटांत बदलतं, मी रोज बदलतो. आतले डोम जुनेच असतात, ते २, ४, ६ आणि ९ दाबून कळतात कारण मागच्या माणसाने तीच जास्त दाबलेली असतात, १ शी तुलना करा, टक सारखा लागला पाहिजे.

काकांचे आधीचे फोन घरात असतील आणि त्यातला ज्याची बटणं त्यांना सगळ्यात जास्त आवडायची तो फोरजीचा असेल तर आधी तो एखाद्या चांगल्या रिपेअरवाल्याकडे घेऊन जा आणि डोम शीट आणि चार्जिंग जॅक एवढंच बदलायला सांगा. हाताला बसलेला फोन परत मिळतो आणि नव्यापेक्षा खूप कमी खर्चात. तो होत नसेल तर नवा घ्यायला काकांना सोबत घेऊन जा, त्यांचं सिम न्या आणि एक मेसेज त्यांना तुम्हाला पाठवायला सांगा, त्या एका मेसेजमध्ये कीपॅड, सॉफ्टवेअर, नेटवर्क सगळं तपासून होतं. मग तुम्ही उत्तर पाठवा आणि फोन त्यांच्या खिशात असताना त्यांच्या लक्षात येतं का बघा. काही अडलं तर मॉडेलचं नाव लिहा, त्याची बॅटरी कुठली आणि शीट मिळते का ते मी सांगतो.